कुठला भगवा?

जुलै संपत आला की मुठेच्या काठावर ढोल वाजू लागतात. गणपतीला अजून अवकाश असतो, पण पथकांचे सराव तेव्हाच भरात येतात. त्या वर्षी एका पथकाच्या सरावाच्या टी-शर्टचं डिझाइन मी केलं होतं. काळा टी-शर्ट, छातीवर पांढऱ्या रेषांत ढोल आणि पाठीवर भगव्या अक्षरांत पथकाचं नाव. पहिल्या खेपेला १८० नग छापले. पंधरा दिवसांनी नवे वादक आले म्हणून आणखी ६०. छापणारे तेच, टी-शर्ट त्याच दुकानातून आणलेले आणि फाइलही तीच, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगितलं असतं.

एका रविवारी दुपारी मी सराव बघायला गेले. ताशाची तर्री सुरू झाली, पोरं पाठमोरी झाली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. एकाच रांगेत दोन भगवे होते. एक झेंडूसारखा पेटलेला, दुसरा पावसात भिजलेल्या विटेसारखा. पथकातल्या एका मुलाने दोघांना शेजारी उभं करून विचारलं, "ताई, यातला खरा कुठला?"

मला उत्तर देता आलं नाही. पंधरा वर्षं मी रंगांवर पोट भरते आहे आणि 'खरा कुठला' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ही गोष्ट मला फार लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही खेपांचा एकेक टी-शर्ट पिशवीत घालून मी छापखान्यात गेले.

छापखाना म्हणजे पेठेतल्या जुन्या वाड्याचा तळमजला. मध्ये चार हातांचं गोल फिरणारं मशीन, भिंतीला टेकवून ठेवलेल्या फ्रेम, कोपऱ्यात एक्स्पोजिंगची पेटी आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत रंगांचे डबे. रंग कालवणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणते. मास्तरांनी दोन्ही टी-शर्ट दारात नेले, उन्हात धरले आणि काही न बोलता आत जाऊन एक मोठं पाकीट घेऊन आले. त्यात माझ्या कामाच्या फिल्म होत्या. त्या एकेक करून त्यांनी काचेवर पसरल्या. सगळ्या काळ्या.

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. कॉलेजात शिकवतात. पण शिकणं वेगळं आणि आपल्याच झेंडूच्या रंगाची काळी फिल्म हातात धरून उभं राहणं वेगळं. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाची एक फिल्म निघते आणि ती प्रत्येक वेळी काळीच असते. फ्रेमवर ताणलेल्या जाळीला प्रकाशाने कडक होणारं इमल्शन लावतात, त्यावर फिल्म ठेवून उजेड देतात. काळ्या भागाखालचं इमल्शन कच्चं राहतं, पाण्याने धुऊन निघतं आणि तिथून शाई झिरपायला वाट मिळते. म्हणजे फाइलने इतकंच सांगायचं असतं की शाई कुठून जाईल आणि कुठून जाणार नाही. कुठली शाई, हे फिल्मला माहीत नसतं. इंग्लंडमध्ये सॅम्युअल सायमन यांनी १९०७ साली रेशमी जाळीच्या छपाईचं पेटंट घेतलं, तेव्हापासून आजपर्यंत या धंद्याच्या मुळाशी शाईला वाट देणं आणि अडवणं हेच आहे. घरच्या कागदावरचा प्रिंटर चार ठरावीक शाया घेऊन बसलेला असतो आणि फाइलमधले आकडे वाचून त्यांचं मिश्रण करतो. इथे तसं कोणी बसलेलं नाही. इथे डबा आहे आणि मास्तरांचा डोळा आहे.

म्हणून मी आता सगळ्या नवशिक्या डिझायनरांना एकच गोष्ट सांगत सुटते. स्क्रीन प्रिंटिंगच्या फाइलमध्ये रंग नसतो, रंगाचं नाव असतं. ते नाव नेमकं असेल तर छापखान्यात पोचतं, मोघम असेल तर वाटेत हरवतं.

आणि नावांच्या बाबतीत आपण मराठी माणसं श्रीमंत आहोत. आईच्या कपाटातल्या साड्या आठवा. आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, श्रीखंडी, पारवा. एकेका नावासरशी डोळ्यांपुढे फळ येतं, फूल येतं, पक्षी येतो. या नावांवर माझं मनापासून प्रेम आहे. पण आमसूल यंदाचं की बरणीत वर्षभर राहून काळवंडलेलं? श्रीखंड केशराचं की वेलदोड्याचं? साडीच्या दुकानात हा प्रश्न पडत नाही, कारण साडी समोर असते. भगव्याचं तर विचारूच नका. वारीत आळंदीहून निघालेली पताका पंढरपूरला पोचेपर्यंत ऊनपावसाने उतरलेली असते, देवळाच्या कळसावरचा झेंडा वेगळा, संन्याशाच्या छाटीतला गेरूचा रंग वेगळा. सगळे भगवेच, आणि सगळे खरेच. मी माझ्या फाइलमध्ये त्या रंगाला काय नाव दिलं होतं, ते मास्तरांच्या संगणकावर उघडून बघितलं. नाव होतं 'भगवा'. शेजारी आणखी एक होतं, 'भगवा नवीन'.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या पँटोन कंपनीने, लॉरेन्स हर्बर्ट यांच्या पुढाकाराने, १९६३ साली यावर एक तोडगा काढला. रंगांना आकडे दिले, प्रत्येकाची कृती ठरवली आणि छापील पंखा विकायला काढला. डिझायनर आणि छापणारा यांच्यात हजार मैलांचं अंतर असलं तरी दोघांच्या हातात तोच पंखा आणि तोंडी तोच आकडा. माझ्या मनातला झेंडू या पंख्यात 'ऑरेंज ०२१' च्या जवळपास सापडतो. तो कागदावरच्या चार शायांच्या छपाईत येतच नाही, कारण पिवळा आणि गुलाबी कितीही मिसळा, इतका पेटलेला नारिंगी त्यातून निघत नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये मात्र तो थेट डब्यातून येतो, आणि या कलेचं मला सगळ्यात मोठं वैभव वाटतं ते हेच.

पण आकडा लिहिला म्हणजे काम संपलं असंही नाही. ०२१ च्या मागे 'सी' लावलं तर गुळगुळीत कागदावरचा नमुना, 'यू' लावलं तर साध्या कागदावरचा. शाई एकच, पण कागद तिला कसा पितो यावर दिसणं बदलतं. सुती कापडासाठी रंगवलेल्या कापडाचाच वेगळा संच मिळतो, तो महाग असतो आणि छोट्या छापखान्यात सहसा नसतो. त्याहून नाजूक बाब अशी की संगणक या नावांकडे अक्षरशः बघतो. चित्राच्या एका भागात 'सी' आणि दुसऱ्या भागात 'यू' राहून गेलं, तर फिल्म काढताना तो दोन रंग धरतो आणि दोन फिल्म देतो. कुणाकडून आलेला लोगो फाइलमध्ये चिकटवला की त्याच्यासोबत त्याची नावंही गुपचूप आत येतात. काळ्याचंही तसंच. पडद्यावर काळी दिसणारी रेघ आत चार रंगांची मिळून बनलेली असेल, तर ती चार फिल्मवर विखुरते आणि एकाही फिल्मवर पुरती काळी राहत नाही.

आकड्याचं हे नावही शेवटी उसनंच. २०२२ च्या अखेरीस अडोबी आणि पँटोन यांच्यातला परवान्याचा करार बदलला. जगभरच्या डिझायनरांनी आपल्या जुन्या फोटोशॉप फाइल उघडल्या, तर त्यांतले पँटोनचे रंग काळे दिसू लागले. ते परत हवे असतील तर वेगळी वर्गणी भरा, असा निरोप. लोक रास्तच चिडले, मीही चिडले. पण मास्तरांच्या काचेवर पसरलेल्या काळ्या फिल्म बघताना मला ती घटना आठवली. त्या फाइलमध्ये रंग कधी नव्हताच. एका वहीतल्या पानाचा पत्ता होता आणि वही दुसऱ्याची होती.

मग आम्ही शोधाला लागलो. माझा पहिला संशय अर्थातच मास्तरांवर होता. साठ नगांसाठी त्यांनी शाई नव्याने कालवली होती आणि कृती कुठे लिहिलेली नव्हती. प्लास्टिसॉल शाई भट्टीची धग लागल्याशिवाय सुकत नाही, त्यामुळे पहिल्या खेपेतली उरलेली शाई झाकणबंद डब्यात अजून मऊसूत होती. मास्तरांनी एक पांढरी चिंधी घेतली, दोन्ही डब्यांतल्या शाईचे शेजारी शेजारी पट्टे ओढले आणि चिंधी भट्टीतून काढली. साधारण १६० अंशांना ही शाई पिकते. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी ती दारात धरली. अगदी किंचित फरक होता, शोधला तरच दिसेल असा. मुठेच्या काठावर पन्नास फुटांवरून दिसलेला फरक हा नव्हता.

दुसरा संशय जाळीवर. पहिल्या खेपेनंतर फ्रेम धुताना जाळी फाटली होती, नवी ताणली होती. जाळी सेंटिमीटरला ४३ धाग्यांची असेल तर शाईचा जाड थर बसतो, ७७ धाग्यांची असेल तर पातळ. थर पातळ झाला की खालचं कापड वर डोकावतं. जाळीवरून शाई ओढणाऱ्या स्क्वीजीच्या रबराची धार नवी असली तर शाई कमी उतरते, घासून बोथट झाली की जास्त. हे सगळं फाइलच्या बाहेरचं, आणि हे सगळं रंगच. मास्तरांनी भिंग काढून धागे मोजले. नवी जाळी जुन्याच नंबरची निघाली.

तोवर दुपार टळली होती. मास्तरांनी चहा मागवला आणि दोन्ही खेपांच्या फिल्म पुन्हा एकावर एक ठेवल्या. भगव्याच्या दोन्ही फिल्म तंतोतंत जुळल्या. मग त्यांनी पांढऱ्या बेसच्या फिल्म उचलल्या. काळ्या कापडावर भगवा थेट टाकला तर तो मातकट होतो, म्हणून आधी पांढऱ्याचं अस्तर मारतात, ते जरा सुकवतात आणि वर भगवा चढवतात. पहिल्या खेपेची बेसची फिल्म भरीव काळी होती. दुसरीवर बारीक ठिपके होते.

ते ठिपके माझे होते. पहिल्या खेपेनंतर पथकातली मुलं म्हणाली होती की पाठीवरची छपाई जाड आहे, घामाने चिकटते. मी दुसऱ्या खेपेच्या फाइलमध्ये बेस शंभर टक्क्यांवरून सत्तरवर आणला, म्हणजे पांढरी शाई कमी बसेल आणि टी-शर्ट मऊ राहील. हेतू चांगला होता. भगव्याला मी बोटही लावलं नव्हतं, म्हणून 'फाइल तीच' असं मी मनाशी धरून बसले होते. पण भगव्याच्या खालची तीस टक्के जमीन काळी झाली होती आणि तिने वरचा झेंडू विझवला होता. रंगाला हात न लावता मी रंग बदलला होता, आणि तो का बदलला याची नोंदही फाइलमध्ये ठेवली नव्हती. मास्तरांवर मनातल्या मनात घेतलेला संशय मी त्यांना तिथेच बोलून दाखवला आणि क्षमा मागितली. त्यांनी हसून बिस्किटाचा पुडा पुढे केला.

सुतासारख्या साध्या दिसणाऱ्या कापडाचेही स्वतःचे रंग असतात. पांढरा टी-शर्ट पांढरा असतो असं आपण समजतो, पण बऱ्याच पांढऱ्या कापडांत चकाकी आणणारी रसायनं असतात. ती उन्हातली अतिनील किरणं शोषून निळसर उजेड परत फेकतात. तिरुपूरहून आलेल्या दोन गठ्ठ्यांत या रसायनांचं प्रमाण वेगळं असेल, तर तीच पातळ शाई एका गठ्ठ्यावर थंड दिसते, दुसऱ्यावर उबदार. पॉलिस्टरची गोष्ट त्याहून वाईट. लाल किंवा मरून पॉलिस्टरवर छापलेली पांढरी अक्षरं भट्टीतून निघताना पांढरीशुभ्र असतात आणि चार दिवसांनी गुलाबी होतात, कारण उष्णतेने कापडातला रंग उडून शाईत शिरतो. त्यासाठी हा रंग अडवणारी वेगळी शाई वापरावी लागते आणि भट्टी मंद ठेवावी लागते. मॅरेथॉन, क्रिकेट, कबड्डी, आता सगळीकडे घाम सुकवणारे पॉलिस्टरचे टी-शर्ट असतात. म्हणून कापड कुठलं हे विचारल्याशिवाय मी हल्ली रंगांचं बोलणंच सुरू करत नाही.

उजेडाचं मात्र मला सगळ्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं. ग्राहक मोबाइलवर मंजुरी देतो. व्हॉट्सअॅपवर चित्र जातं, तिकडून अंगठा येतो. त्याच्या मोबाइलमध्ये रंग भडक दाखवण्याची सोय चालू असते किंवा रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळा केलेला असतो. शिवाय पडदा उजेड फेकतो आणि शाई उजेड परतवते, या दोन्ही गोष्टी मुळातच वेगळ्या. आणि शाईसुद्धा कुठल्या उजेडात बघता यावर ठरते. दोन वेगळ्या रंगद्रव्यांपासून बनवलेले दोन भगवे ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसतात आणि उन्हात नेले की फाटतात. मास्तर प्रत्येक वेळी दारात का जातात, याचं कारण हे. मोठ्या गिरण्यांमध्ये ठरावीक उजेडाची पेटी असते. पेठेतल्या वाड्यात दार असतं. दाराचा उजेड दहाला एक आणि पाचला दुसरा असतो खरा, म्हणून मास्तर शक्यतो सकाळीच रंग जुळवतात.

रंगाला माणसाच्या डोळ्यांतून आणि आठवणीतून सोडवून आकड्यात पकडायचं काम १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने केलं. त्या आकड्यांचा आपल्या रोजच्या आयुष्याशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी त्याला आपला राष्ट्रध्वज दाखवते. ध्वजाची मानकं पहिल्यांदा १९५१ मध्ये ठरली, १९६४ मध्ये सुधारली गेली आणि १७ ऑगस्ट १९६८ ला त्यांत आणखी दुरुस्ती झाली. भारतीय मानकांच्या यादीत त्यांचा क्रमांकच १ आहे. त्यात केशरी रंग 'झेंडूसारखा' किंवा 'त्यागाचा' असा सांगितलेला नाही. एक्स ०.५३८, वाय ०.३६०, उजळपणा २१.५ असा सांगितला आहे. अर्थात हे आकडे ठरावीक प्रकाशातले. अशोकचक्र गडद निळ्या रंगात छापावं किंवा भरावं, ते दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसावं, असंही ध्वजसंहिता सांगते आणि त्या छपाईच्या रीतींत स्क्रीन प्रिंटिंगचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती असे ध्वज बनवते. कर्नाटकात हुबळीजवळ बेंगेरीला बनतात. चोवीस आऱ्यांचं चक्र कापडाच्या एका बाजूला छापून उलट्या बाजूला त्याच आऱ्यावर तोच आरा बसवणं म्हणजे काय, हे ज्याने कधी फ्रेम धरली आहे त्यालाच कळेल.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत बदल झाला आणि पॉलिस्टरच्या, यंत्रावर बनलेल्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. पुढच्या ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीत प्रत्येक गॅलरीत तिरंगा लागला. मला त्या दिवशी भरून आलं होतं. खाली उभी राहून मी वर बघत होते आणि एका इमारतीवर किती केशरी आहेत हे मोजण्याचा मोह आवरत नव्हता. एक लालसर, एक पिवळट, एक लिंबाकडे झुकलेला. ज्या रंगाचे आकडे देशाने इतक्या काळजीने लिहून ठेवले, तो छापताना कुणी तरी पडद्यावर डोळ्याने निवडला होता, हे मला आजही खुपतं. आकडे गुप्त नव्हते. फाइल बनवणाऱ्याने ते उघडून बघायला हवे होते.

पथकाच्या प्रकरणानंतर माझ्या फाइलचं रूप पार बदललं आहे. चित्राच्या बाहेर, कापड संपतं तिथे, मी एक पट्टी ठेवते. त्यात प्रत्येक शाईचं पूर्ण नाव, तिचा पंख्यातला आकडा आणि ती कुठल्या क्रमाने पडायची ते लिहिते. बेस किती टक्के, तो वरच्या रंगापेक्षा किती आत ओढला आहे, हेही. अर्धा पॉइंट आत ओढला नाही तर भगव्याच्या कडेने पांढरी किनार डोकावते आणि लांबून रंग फिका वाटतो. कापड कुठलं, जाळी कितीची, हे मास्तरांना विचारून भरते. खेप बदलली तर नवी फाइल बनवते आणि काय बदललं ते नावातच घालते, मग तो बदल रंगाचा नसला तरी. पडद्यावर दिसणारा भगवा मी आता मुद्दाम सुंदर करत बसत नाही. तो नुसती खूण आहे. मंजुरी मात्र छापलेल्या चिंधीवरच घेते. ग्राहक कुरकुरतात, एक दिवस जास्त जातो म्हणतात. मी त्यांना दोन टी-शर्ट दाखवते.

मास्तरांनीही त्यांच्या परीने बदल केला. सराफ वापरतात तसला छोटा काटा त्यांनी घेतला. पूर्वी कालथ्याच्या टोकावर अंदाजाने घेतलेला लाल आता ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजला जातो. सुती कापडावर पिगमेंटचं काम असलं तर बाइंडरमुळे ओली लगदी दुधाळ दिसते आणि सुकल्यावर गडद होते, त्यामुळे तिथे तर डोळ्यावर विसंबणं धोक्याचंच. मास्तरांचा डोळा चाळीस वर्षांचा आहे आणि माझा त्यावर आजही काट्याहून जास्त विश्वास आहे, पण तो डोळा सुट्टीवर गेला की पोरांनी काय करायचं, असं तेच म्हणाले.

काट्यासोबत एक लांब वही आली. प्रत्येक पानावर एक काम. तारीख, फाइलचं नाव, शायांची वजनं, जाळी, भट्टी, आणि खाली टाचलेली छापील चिंधी. यंदा आषाढात त्याच पथकाचा फोन आला, पंधरा नग जास्त हवे होते. मी छापखान्यात पोचले तेव्हा मास्तरांनी ते पान उघडून ठेवलं होतं. त्यावर एक नाही, दोन चिंध्या होत्या. एक कोरी आणि दुसरी, तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'दहा धुणी'. मी विचारलं, "ही कशाला?"

"पोरांच्या अंगावरचे जुने टी-शर्ट एव्हाना इतके उतरले असतील," मास्तर म्हणाले, "नवे पंधरा त्यांच्यात उभे राहणार. कुठल्याशी जुळवायचं ते आधी विचारून घ्या, ताई. मग मी शाई मोजतो."

मी पथकाला फोन लावला.